वॉर्डात घर, यादीत नाव

आमच्या जेऊरच्या फलाटावर गाडीची वाट बघत उभं राहिलं की गावाच्या दोन वाटा डोळ्यांसमोर असतात. एक पुण्याकडची, दुसरी सोलापूरची. नोकरीसाठी पोरं पुण्याच्या गाडीत बसतात. सोलापूरच्या गाडीत बसतो तो कोर्टाची तारीख, दवाखाना नाहीतर जिल्हा परिषदेतलं काम घेऊन निघालेला माणूस. हे रूळ १८५९ साली बार्शी रोडला, म्हणजे आताच्या कुर्डुवाडीला पोचले आणि पुढच्याच वर्षी सोलापूरला. रुळांमागून कापसाच्या गिरण्या आल्या, आणि गिरण्या-मागांच्या आवाजानं निजामाच्या मुलखातला विणकर सोलापुरात ओढला गेला. आज त्याच विणकरांची नातवंडं-पतवंडं सोलापूर महापालिकेच्या सभागृहात बसतात, त्यांतले काही महापौर झाले, काही दिल्लीला गेले.

बाहेरून आलेल्या घरातला माणूस नगरसेवक कसा होतो, हा प्रश्न मला गेली काही वर्षं सोडत नाही. किती पिढ्या लागतात? कुठल्या दारानं तो आत येतो? आणि तितकीच वर्षं इथं राबून कुणाला ते दार सापडतच नाही? खासदार-आमदारांवर भरपूर लिहिलं जातं. नगरसेवकावर लिहिलं जातं ते टक्केवारी आणि फ्लेक्स यांपुरतं. पण परक्याचा आपला झाल्याची खरी खूण नगरसेवकपदात असते असं मला वाटतं. खासदार पक्षाच्या लाटेवर निवडून येऊ शकतो. नगरसेवकाच्या दारात सकाळी सातला तुंबलेल्या गटारीची, न आलेल्या पाण्याची, मयताच्या दाखल्याची, रेशनकार्डावरून गळालेल्या सुनेची तक्रार येते. ज्याच्या आजोबाला गल्लीनं ‘तो तिकडचा’ म्हटलं, त्याच्या नातवाच्या दारात ती गल्ली स्वतःच्या पायानं जाते, तेव्हा काहीतरी घडलेलं असतं.

सोलापूर हे या प्रश्नाचं महाराष्ट्रातलं एक जुनं आणि यशस्वी उत्तर आहे. या गावाला एक भाषा कधीच नव्हती. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू या चारही भाषा एका चौकात ऐकू येतात आणि भाजीवाली चारही भाषांत भाव सांगते. पद्मशाली विणकर करीमनगर, वरंगल, नलगोंडा, महबूबनगर या भागांतून टप्प्याटप्प्यानं आले. काही घराणी पेशवाईतच आली होती, मोठा लोंढा आला तो १८७६ ते ७८ च्या दुष्काळानंतर आणि गिरण्या उभ्या राहिल्यावर. ते शहराच्या पूर्व अंगाला वसले: साखर पेठ, भद्रावती पेठ, दाजी पेठ, कन्ना चौक, अशोक चौक. खाली माग, वर बिऱ्हाड. बाप मागावर, आई विडीच्या सुपापाशी, पोरं कांड्या भरायला. मार्कंडेय ऋषी हे त्यांचं दैवत, आणि राखी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा पूर्व भागाला जत्रेचं रूप येतं.

या एकवट वस्तीतच पुढच्या राजकारणाचं बी आहे. शहरभर विखुरलेल्या दहा हजार माणसांना एकही नगरसेवक मिळत नाही. तेच दहा हजार चार पेठांत दाटीनं राहिले तर त्यांना डावलून कुणाला निवडून येता येत नाही. पण नुसती दाटी पुरेशी नसते. पद्मशाली समाजानं राजकारणाच्या आधी शाळा काढल्या. कुचन प्रशाला हे नाव सोलापुरात कुणालाही विचारा. मुलींसाठी बुर्ला महाविद्यालय उभं राहिलं, मार्कंडेयाच्या नावानं सहकारी रुग्णालय उभं राहिलं. ज्ञाती संस्था, पतपेढी, वाचनालय, तालीम हे सगळं आधी आलं. ज्याला संस्थेची सभा चालवता येते, हिशेब मांडता येतो, रुसलेल्या सभासदाला परत बोलावता येतं, त्याला महापालिकेचं सभागृह अवघड जात नाही. त्या बळावर हा समाज वॉर्डातून वर चढला. १९८० पासून १९९८ पर्यंत सोलापूरचे खासदार गंगाधर कुचन, धर्मण्णा सादूल आणि लिंगराज वल्याळ हे तिघेही याच तेलुगूभाषक विणकर समाजातले. त्यांतले पहिले दोघे काँग्रेसचे, तिसरे भाजपचे. पक्ष बदलला तरी पूर्व भागाला वगळून सोलापूरची बेरीज होत नव्हती, हे सगळ्याच पक्षांनी ओळखलेलं होतं.

इथं एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी, कारण ‘बाहेरचा’ हा शब्द आपण फार सहज वापरतो. ६ एप्रिल १९३० रोजी सोलापूर नगरपालिकेवर तिरंगा चढला. मे महिन्यात शहरावर मार्शल लॉ आला. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चार जणांना फाशी झाली: मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा. ही चार नावं एकापाठोपाठ म्हणून बघा. लिंगायत, मुसलमान, मराठा, मारवाडी. यांतलं सोलापूरचं कोण आणि बाहेरचं कोण, हे चार हुतात्मा चौकात उभं राहून विचारायची कुणाची छाती होणार नाही.

आता एका माणसाकडे वळतो. नरसय्या आडम, सगळ्या सोलापूरचे आडम मास्तर. तेलुगूभाषक पद्मशाली घर, वडील गिरणी कामगार, आई विडी कामगार. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे. महापालिकेच्या सभागृहातून ते विधानसभेत गेले आणि १९७८, १९९५, २००४ असे तीनदा आमदार झाले. २००९ साली प्रणिती शिंदे यांनी त्यांना हरवलं, त्यानंतरही त्यांना विधानसभा गाठता आली नाही. पण मास्तरांचं काम आमदारकीच्या वर्षांत मोजायचं नसतं, ते विडीत मोजायचं असतं.

विडीचं काम ज्यांनी जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं थांबतो. रात्री तेंदूची पानं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. सकाळी पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीनं एकेक पान कापायचं. मांडीवर सूप, सुपात तंबाखू. पानात चिमूट तंबाखू, दोन्ही हातांच्या बोटांनी वळायचं, तोंड नखानं दुमडायचं, सुताचा फेरा मारायचा. विसाव्या विडीला मान अवघडते, दोनशेव्या विडीला बोटं आपोआप चालू लागतात. मजुरी हजार विड्यांवर. कारखान्यात माल द्यायला गेल्यावर तिथं छाट होते. वाईट म्हणून काढलेल्या विड्यांचे पैसे मिळत नाहीत, पण पान, तंबाखू आणि तास मात्र गेलेले असतात. अशोक चौकाजवळच्या एका घरात मी एका बाईला विचारलं, हजार व्हायला किती वेळ लागतो? ती म्हणाली, ‘सून हाताशी असली तर संध्याकाळ. एकटी असले तर रात्र.’ बोलताना तिची बोटं थांबली नाहीत. तिनं मान वर केली ती फक्त एकदाच, नातू शाळेतून आला तेव्हा. त्याच्याशी ती तेलुगूत बोलली, माझ्याशी मराठीत, आणि दारात आलेल्या पानवाल्याशी सोलापुरी हिंदीत.

या बायका घरी बसून काम करतात, म्हणून कायद्याच्या डोळ्याला त्या पुष्कळ काळ कामगार म्हणून दिसतच नव्हत्या. १९६६ चा विडी-सिगार कामगार कायदा आणि १९७६ चा विडी कामगार कल्याण निधी यांमुळे त्यांच्या हातात ओळखपत्र आलं. त्या ओळखपत्राच्या आधारावर मास्तरांच्या चळवळीनं घरांची मागणी लावून धरली. भाड्याच्या दहा-बाय-दहाच्या खोलीत माग, विडी, चूल आणि सहा माणसं, हे ज्यांचं आयुष्य, त्यांच्यासाठी कुंभारीला कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावानं १०,००० घरांची वसाहत झाली. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते किल्ल्या मिळाल्या. त्यानंतर ३०,००० घरांचं रे नगर. त्याची पायाभरणी जानेवारी २०१९ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी केली आणि १९ जानेवारी २०२४ ला त्यांतली १५,००० घरं त्यांच्याच हस्ते कामगारांना मिळाली. पायाभरणीच्या सभेत मास्तरांनी पंतप्रधानांचं कौतुक केलं, म्हणून त्यांच्याच पक्षानं त्यांना तीन महिने निलंबित केलं. पक्षाची शिस्त मी समजू शकतो. पण घरासाठी वीस-वीस वर्षं मोर्चे काढलेल्या बायकांच्या नेत्यानं घर मंजूर करणाऱ्याचे आभार मानले, यात मला तरी काही वावगं दिसत नाही.

या घरांविषयीची एक बाब क्वचितच बोलली जाते. या दोन्ही वसाहती शहराच्या हद्दीबाहेर, दक्षिण सोलापूर तालुक्यात आहेत. पूर्व भागातल्या ज्या दाटीवर तेलुगू नगरसेवक निवडून यायचे, तीच दाटी या घरांनी विरळ केली. मतांचा हिशेब मांडणारा कुठलाही पुढारी आपली माणसं आपल्या वॉर्डातच धरून ठेवतो. मास्तरांनी त्यांना घर मिळेल तिथं नेलं. २०१७ च्या महापालिका निवडणुकीत १०२ जागांपैकी माकपची एकच जागा आली, ती त्यांच्या पत्नी कामिनी आडम यांची. भाजपला ४९ मिळाल्या. याच सभागृहात पुढे श्रीकांचना यन्नम महापौर झाल्या, त्याही तेलुगू समाजातल्या. समाजाची खुर्ची गेली नाही, ती एका झेंड्याकडून दुसऱ्याकडे गेली. याच समाजातल्या कोठे घराण्याचंही तसंच. महेश कोठे महापौर होते, काँग्रेस, शिवसेना, राष्ट्रवादी असा प्रवास करत आले आणि जानेवारी २०२५ मध्ये प्रयागराजच्या कुंभमेळ्यात त्यांचा मृत्यू झाला. त्याच घराण्यातले देवेंद्र कोठे २०२४ साली भाजपचे आमदार झाले. सव्वाशे-दीडशे वर्षांत विणकराचा समाज इतका स्थानिक झाला की त्याच्यात आता सगळे पक्ष आहेत, घराणेशाही आहे, बंडखोरी आहे. स्थायिक झाल्याची ही पक्की खूण.

नियमांकडे बघितल्याशिवाय हा आढावा पुरा होत नाही, आणि बाहेरून आलेल्याला नियम कुठं अडवतात ते आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. नगरसेवक व्हायला वय २१ पूर्ण हवं आणि त्या शहराच्या मतदार यादीत नाव हवं. इथपर्यंत सोपं. पण राखीव जागेवर उभं राहायचं तर जात वैधता प्रमाणपत्र लागतं, आणि महाराष्ट्रात त्यासाठी मानीव दिनांक ठरलेले आहेत: अनुसूचित जातींसाठी १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेच्या आधी आपलं घराणं महाराष्ट्रात होतं, याचा कागद दाखवायचा. आजोबाच्या शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूच्या नोंदीतली ओळ, जुना सातबारा. माग चालवणाऱ्याच्या आजोबाचं नाव पेठेतल्या शाळेत कुठंतरी सापडतं. ज्याचा आजोबा गाढवावर संसार लादून दगड फोडत फिरला, त्याचं नाव कुठल्या शाळेच्या रजिस्टरात असणार? जो जितका जास्त भटकला, त्याच्याकडे कागद तितका कमी, आणि ज्याच्याकडे कागद कमी त्यालाच आरक्षणाची गरज जास्त. वैधतेअभावी नगरसेवकपद गेल्याची उदाहरणं राज्यभर आहेत. खोटे दाखले काढणारे पकडले जायलाच हवेत. पण त्या चाळणीत खरे भटकेही गळतात, हे मान्य करायला आपण तयार नसतो.

दुसरा नियम प्रभागाचा. २००७ साली मुंबईबाहेरच्या महापालिकांत एका वॉर्डाला एक नगरसेवक होता, २०१२ ला दोनाचा प्रभाग झाला, २०१७ ला चाराचा. लहान वॉर्डात एखाद्या वस्तीचा माणूस स्वतःच्या ओळखीवर निवडून येतो. चाराच्या प्रभागात चार वस्त्या एकत्र येतात, खर्च वाढतो आणि पक्षाचं पॅनल लागतं. नव्यानं आलेल्या, अजून मुळं धरत असलेल्या समाजाला मोठा प्रभाग मारक ठरतो. प्रभाग रचनेचं राजपत्र निघतं तेव्हा पुढाऱ्यांच्या घरी रात्रभर दिवे असतात, ते उगाच नाहीत. आणि २०२२ च्या मार्चपासून जानेवारी २०२६ च्या मतदानापर्यंत सोलापुरात नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. त्या जवळजवळ चार वर्षांत गल्लीतल्या माणसाला विचारलं असतं, तर नगरसेवक कशासाठी लागतो हे त्यानं कुठल्याही अभ्यासकापेक्षा नीट सांगितलं असतं. गटार तुंबली की जायचं कुणाकडे, एवढाच त्याचा प्रश्न होता.

सोलापूरचा आरसा बघायचा तर सुरतला जावं. तेलंगणातला विणकर जसा मागासाठी सोलापुरात आला, तसा खान्देशातला मराठी माणूस मागासाठी सुरतेला गेला. धुळे, जळगाव, नंदुरबारकडची माणसं लिंबायत, उधना या भागांत दाटीनं वसली. तिथं आपण ‘बाहेरचे’ असतो, आणि तिथंही तीच वाट दिसते: आधी काम, मग एकवट वस्ती, मग मंडळं, मग महापालिका, मग विधानसभा. संगीता पाटील २०१२ पासून लिंबायतच्या आमदार आहेत. मूळचे जळगाव जिल्ह्यातले सी. आर. पाटील नवसारीचे खासदार आणि गुजरात भाजपचे अध्यक्ष झाले. मराठी वर्तमानपत्रांत यांच्याविषयी अभिमानानं लिहिलं जातं आणि ते योग्यच आहे. तो अभिमान बाळगताना, आपल्या शहरात परप्रांतीय म्हणून हिणवलेल्या माणसाचा नातू उद्या नगरसेवक होईल, हेही मनानं स्वीकारायला हवं. दोन्ही एकाच तराजूत तोलले जातात.

याहून लांब गेलेल्या, मालवणजवळच्या वराड गावातल्या घराची गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे, पण तिचा नगरसेवकपदाचा भाग सहसा सांगितला जात नाही. मूळचे वराडचे, पण मुंबईत जन्मलेले डॉ. अशोक वराडकर साठच्या दशकात इंग्लंडला गेले. तिथं स्लाउ या शहरात त्यांची मिरियम या आयरिश परिचारिकेशी गाठ पडली, लग्न झालं, आणि सत्तरच्या दशकात हे कुटुंब डब्लिनला स्थायिक झालं. त्यांचं धाकटं अपत्य लिओ, जन्म १८ जानेवारी १९७९. वैद्यकीय शिक्षण घेत असताना, विसाव्या वर्षी, १९९९ साली तो स्थानिक निवडणुकीला उभा राहिला आणि पडला. २००३ साली फिंगल काउंटी काउन्सिलवर रिकाम्या झालेल्या जागेवर त्याची नेमणूक झाली. २००४ साली कॅसलनॉकमधून तो निवडून आला, पहिल्या पसंतीची ४,८९४ मतं घेऊन, आणि ती त्या निवडणुकीत देशभरातली सर्वांत जास्त होती.

मतदानाचा तो दिवस होता ११ जून २००४. त्याच दिवशी, त्याच मतदान केंद्रांवर आयरिश जनतेनं घटनादुरुस्तीवरही मत दिलं: आयर्लंडमध्ये जन्मलेल्या प्रत्येक मुलाला आपोआप नागरिकत्व मिळायचं, ते बंद करावं का? ७९ टक्के लोकांनी ‘बंद करा’ म्हटलं. म्हणजे एका हातानं स्थलांतरिताच्या मुलाला देशात सर्वाधिक मतं आणि दुसऱ्या हातानं पुढच्या स्थलांतरितांच्या मुलांना दार बंद. हे दोन्ही एकाच मतदाराच्या मनात राहू शकतं. जो माणूस ओळखीचा आहे, आपल्या शाळेत शिकला, आपल्या भाषेत बोलतो, तो आपला. जो अजून आलेलाच नाही, त्याचं भय. आपल्याकडेही याहून वेगळं नाही.

तरी आयर्लंडचा एक नियम आपण समजून घ्यावा असा आहे. तिथं स्थानिक निवडणुकीत मत द्यायला आणि उभं राहायला नागरिकत्व लागत नाही, राहणं पुरतं. त्यामुळंच २००० साली नायजेरियातून आश्रय मागत आलेले रोटिमी अदेबारी २००४ ला पोर्टलीशच्या नगर परिषदेवर निवडून आले आणि २००७ ला तिथले अध्यक्ष झाले. गटार, रस्ता, कचरा यांविषयी बोलायला पासपोर्ट कशाला हवा, असा सरळ विचार त्यामागं आहे. लिओ वराडकर पुढं २००७ ला संसदेत गेले, मंत्री झाले. जानेवारी २०१५ मध्ये आपण समलिंगी आहोत हे त्यांनी रेडिओवर उघडपणे सांगितलं, आणि त्याच वर्षी मे महिन्यात देशानं समलिंगी विवाहाला कौल दिला. २०१७ साली ते पंतप्रधान झाले, २०२२ ला दुसऱ्यांदा झाले आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये पायउतार झाले. डिसेंबर २०१९ मध्ये ते आईवडिलांसह वराडला आले होते. कोकणातल्या त्या अंगणात पंतप्रधान उभे असल्याची छायाचित्रं सगळ्यांनी पाहिली. मला त्यात पुन्हा पुन्हा दिसतो तो विसाव्या वर्षी हरलेला, वॉर्डात दारोदार हिंडणारा मुलगा.

अमेरिकेतल्या सिॲटलचं उदाहरण याहून वेगळ्या वळणाचं आहे. क्षमा सावंत यांचा जन्म १९७३ साली पुण्यात, तमिळ घरात, वाढल्या मुंबईत. नोव्हेंबर २०१३ मध्ये त्या समाजवादी उमेदवार म्हणून सिॲटलच्या नगर परिषदेवर निवडून आल्या. नऊ जणांच्या सभागृहात त्या एकट्या. पण पुढच्याच वर्षी ताशी १५ डॉलर किमान वेतनाचा ठराव तिथं मंजूर झाला. २०२१ च्या डिसेंबरमध्ये त्यांना परत बोलावण्यासाठी मतदान घेतलं गेलं, त्यातून त्या थोडक्यात वाचल्या. २१ फेब्रुवारी २०२३ ला त्यांनी मांडलेला जातीभेदबंदीचा ठराव ६ विरुद्ध १ मतांनी मंजूर झाला, आणि जातीवरून भेदभाव करायला बंदी घालणारं सिॲटल हे अमेरिकेतलं पहिलं शहर ठरलं. ब्राह्मण घरातून आलेल्या बाईनं परदेशातल्या नगर परिषदेत हा ठराव मांडला, याचं मला मोल वाटतं. सोलापूरच्या सभागृहातली माकपची एकमेव जागा आणि सिॲटलमधली समाजवाद्यांची एकमेव जागा यांच्यामध्ये समुद्र आहेत, पण दोन्हीकडं रोजच्या मजुरीचाच मुद्दा होता. एका मतानं ठराव पास होत नाही, हे खरं. मजुरीचा आकडा सभागृहात मोठ्यानं उच्चारायला मात्र एक माणूस पुरतो.

आता पुन्हा आमच्या जेऊरला येतो, कारण हा प्रश्न मला इथूनच पडला.

जेऊर हे चित्रपट दिग्दर्शक नागराज मंजुळे यांचं गाव. ते वडार समाजातले. वडारही तेलुगू-कन्नड मुलखातूनच आले, घरात तेलुगूच्या वळणाची वडारी बोलतात. रेल्वेचे दगड, धरणाचे दगड, देवळाचे दगड यांच्या हातून गेले. पद्मशाली आणि वडार, दोघांची मूळ दिशा जवळपास एकच. पण एकानं माग मांडला आणि पेठ धरली. दुसऱ्याचं काम दगड संपला की पुढं सरकायचं. एकाची शाळा झाली, पतपेढी झाली, महापौर झाला. दुसऱ्यावर इंग्रजी अमलात अनेक ठिकाणी गुन्हेगार जमातीचा शिक्का बसला. तो कायदा रद्द व्हायला १९५२ उजाडलं. त्या कायद्याखालच्या वसाहतीची खूण म्हणून सोलापुरातल्या एका वस्तीचं नाव आजही ‘सेटलमेंट’ आहे. कर्नाटकात हा समाज अनुसूचित जातीत, महाराष्ट्रात विमुक्त जातीत. सीमा ओलांडली की सवलत बदलते, फोडायचा दगड तोच. मंजुळे यांच्या ‘सैराट’ चित्रपटातलं जोडपं करमाळ्याच्या बाजूनं पळून हैदराबादला जातं आणि नायिका आर्ची तिथं तेलुगू शिकते, तेव्हा आमच्याकडच्या टाळ्या-शिट्ट्यांत एक गोष्ट मला वेगळीच दिसली होती: ज्या वाटेनं विणकर आणि वडार इकडं आले, त्याच वाटेनं इथली पोरं उलट निघाली होती, आणि तिकडं जाऊन तीही ‘बाहेरची’ झाली होती.

जेऊर ग्रामपंचायतीचं गाव, इथं महापालिका नाही. तरी बाहेरून येणारे इथंही आहेत. उजनी धरणानं उठवलेली गावं या भागात पुन्हा वसली. त्यांच्या मुलांना आता कुणी धरणग्रस्त म्हणत नाही, ती सरपंचकीला उभी राहतात. दिवाळी सरली की ऊसतोडीच्या टोळ्या येतात, बीडकडून. साखर कारखान्याच्या रस्त्याला कोप्या पडतात, पाचटाच्या, वर मेणकापड. वर्षातले चार-पाच महिने ही माणसं इथं असतात, काही घरं वीस-वीस वर्षं याच शिवारात येतात. त्यांची मुलं इथल्या शाळेच्या पडवीत बसतात, पण हजेरीपटावर नाव नसतं. त्यांच्यातला कुणी इथला पंच होईल असं कुणाच्या स्वप्नातही येत नाही. कसं येईल? मतदार यादी गावाकडची आणि घाम इकडचा. २०२४ ची विधानसभा २० नोव्हेंबरला होती, टोळ्या निघायचा नेमका तोच काळ.

त्या हंगामात एका कोपीशी थांबलो होतो. कोयता दारात टेकवलेला, आत बाई भाकरी थापत होती. मत दिलं का म्हणून विचारलं. ती म्हणाली, ‘मुकादमानं मतदानाच्या आदल्या दिवशीच गाडी भरली.’ मग उठून पाचटात खोचलेली प्लॅस्टिकची पिशवी काढून तिनं ओळखपत्र दाखवलं. मतदार कार्डावरचा फोटो जुना होता, त्यात ती फार तरुण दिसत होती. बघून झाल्यावर तिनं ते पुन्हा पिशवीत घालून, तोंडाला गाठ मारून, पाऊस लागणार नाही अशा बाजूला खोचलं आणि तव्यावरची भाकरी उलटली.